नवं बांधलेलं इंजिन पहिल्या अर्ध्या तासातच कॅम का खातं? कॅमशाफ्ट आणि टॅपेट वाचवायचे कसे?

जुन्या गाड्यांच्या रिस्टोरेशनचे रील तुम्ही पाहिले असतीलच. गंजलेली पद्मिनी, गोठ्याशेजारी पडून राहिलेली जीप, आजोबांची अ‍ॅम्बॅसडर. इंजिन उतरतं, बोअर होतो, क्रँक ग्राइंड होतो, नवे पिस्टन, नव्या रिंग, सगळं चकाचक. शेवटी चावी फिरते, इंजिन धडधडतं, आजूबाजूचे टाळ्या वाजवतात आणि रील संपतो.

पुढच्या अर्ध्या तासात काय झालं ते रीलमध्ये नसतं. काही इंजिनांत एक बारीक टिकटिक सुरू होते. मेकॅनिक टॅपेट सेट करतो, आवाज जातो, दुसऱ्या दिवशी परत येतो. मग इंजिन एका सिलिंडरवर मिस मारायला लागतं. उघडून बघावं तर कॅमशाफ्टचा एक लोब घासून जवळजवळ गोल झालेला, त्यावरच्या टॅपेटच्या तळाला वाटीसारखा खड्डा आणि तेलात चमचमणारी लोखंडाची भुकटी.

म्हणजे कित्येक महिन्यांचं काम आणि पदरचे पैसे गेले, तेही इंजिन एक किलोमीटर न चालता. मेकॅनिक म्हणतो कॅम हलका निघाला, कॅम विकणारा म्हणतो तेल चुकीचं होतं, तेलवाला म्हणतो बसवणाऱ्याने घोळ घातला. तिघांचंही थोडं थोडं बरोबर असू शकतं. पण आधी ही भानगड नेमकी काय आहे ते समजून घेऊ.

कॅम आणि टॅपेट करतात काय?

इंजिनात हवा-पेट्रोल आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला वॉल्व्ह असतात. ते उघडायचं काम कॅमशाफ्टचं. हा एक लांब दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे फुगवटे, त्यांना लोब म्हणतात. दांडा फिरला की लोबचं टोक वर येतं आणि वॉल्व्हला ढकलतं. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन वेळा फिरला की कॅम एकदा फिरतो.

जुन्या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो आणि वॉल्व्ह वर हेडमध्ये. मधलं अंतर जोडायला लोबवर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, पुशरॉडवर रॉकर आणि रॉकरखाली वॉल्व्ह अशी साखळी. टॅपेटलाच अमेरिकन लोक लिफ्टर म्हणतात. पद्मिनीचं १०८९ सीसीचं फियाट इंजिन, अ‍ॅम्बॅसडरचं १४८९ सीसीचं बीएमसी इंजिन आणि कास्ट आयर्नची जुनी बुलेट ही सगळी याच घराण्यातली. महिंद्राच्या जुन्या जीपचं हरिकेन इंजिन त्यांचं चुलत भावंड, कारण त्यात इनटेक वॉल्व्ह वर आणि एक्झॉस्ट वॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात. आणि अर्थातच अमेरिकन व्ही-८. या विषयावरची बहुतेक माहिती तिकडूनच येते, कारण तिथे घरच्या गॅरेजात इंजिन बांधणारे हजारो हौशी लोक आहेत.

या सगळ्यांत टॅपेटचा तळ थेट लोबवर घासतो. पुढे कंपन्यांनी टॅपेटच्या तळाला छोटं चाक बसवलं, म्हणजे रोलर टॅपेट. फोर्डने मस्टँगच्या ५.० लिटर इंजिनात १९८५ पासून, शेव्हरोलेने स्मॉल ब्लॉक व्ही-८ मध्ये १९८७ पासून ते दिले. चाक घासत नाही, गडगडतं, त्यामुळे या लेखातली बरीचशी काळजी तिथे लागत नाही. तुमची रोजची कार किंवा स्कूटर असेल तर तिची रचनाही वेगळी असते, तेव्हा ती बाजूला ठेवून पुढे वाचा.

सपाट म्हणतात, पण सपाट नसतो

या जुन्या प्रकाराला फ्लॅट टॅपेट म्हणतात. गंमत म्हणजे बहुतेक इंजिनांत त्याचा तळ सपाट नसतोच. तो मध्यभागी किंचित फुगीर घासलेला असतो. लोबचा माथाही एका बाजूला किंचित उतरता असतो आणि टॅपेटचं भोक लोबच्या बरोबर मध्यावर नसून जरा बाजूला असतं. तळाचा फुगवटा आणि लोबचा उतार एक-दोन हजारांश इंचाचे, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला काहीच दिसत नाही.

पण सगळा खेळ त्यावरच आहे. या तिरकसपणामुळे लोब टॅपेटला नुसतं वर ढकलत नाही, तर प्रत्येक वेळी थोडं गोल फिरवतो. फिरणाऱ्या टॅपेटचा सगळा तळ आलटून पालटून वापरला जातो, घर्षण एका जागी साचत नाही. टॅपेट फिरायचा थांबला की एकाच रेघेवर मार बसतो. लोब आणि टॅपेट यांच्या त्या चिंचोळ्या रेघेवर दाब चौरस इंचाला एक लाख पौंडांच्याही वर जातो. वरचा कडक थर एकदा फाटला की आतलं मऊ लोखंड मिनिटांत खरवडून निघतं.

म्हणून कॅम गेला की मी तरी सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारीन, टॅपेट फिरत होता का? तेलाचा डबा नंतर बघू.

तेल तिथे पोचतं तरी कसं?

क्रँकच्या बेअरिंगला पंपाच्या दाबाने तेल मिळतं. लोब आणि टॅपेटच्या तळाला बऱ्याच इंजिनांत तसं मिळत नाही. क्रँक फिरताना त्याच्या बाजूंनी उडणारं तेल आणि वरून ओघळणारं तेल, यावरच त्यांचं भागतं. क्रँक जोरात फिरला तर शिंतोडे भरपूर, हळू फिरला तर कमी.

आपल्याकडच्या एका सवयीचा तोटा इथे होतो. बऱ्याच गॅरेजांत काम झालेलं इंजिन "रनिंगला" म्हणून आयडलवर तासन् तास सोडून देतात. नवं आहे, हळूहळू बसू दे, असा विचार. ऐकायला पटतं, पण फ्लॅट टॅपेट कॅमसाठी ही सगळ्यात वाईट वागणूक आहे. मंद गतीला तेल कमी उडतं, आणि लोबचं टोक टॅपेटवरून हळू सरकतं तेव्हा तेलाचा थरही नीट तयार होत नाही. वर वॉल्व्ह स्प्रिंगचा सगळा भार टोकावर येतो. पिस्टनच्या रिंगनाही आयडलचा फायदा नाही. रिंग बसायला भार लागतो, नुसत्या फुरफुरण्याने सिलिंडरची भिंत गुळगुळीत होऊन बसते.

झिंकचं भांडण

आता तेल. जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर या विषयावर जेवढी भांडणं होतात तेवढी मिसळ कुठली चांगली यावरही होत नसतील.

इंजिन तेलात झेडडीडीपी नावाचं एक रसायन असतं. त्यात झिंक आणि फॉस्फरस असतो. १९४० च्या दशकात ते तेल लवकर खराब होऊ नये आणि बेअरिंग गंजू नये म्हणून वापरात आलं, झीज रोखण्याचा त्याचा गुण नंतर लक्षात आला. दाब आणि उष्णता मिळाली की ते लोखंडावर काचेसारखा अतिपातळ थर तयार करतं. लोब आणि टॅपेट एकमेकांना भिडलेच तर हा थर झिजतो, लोखंड वाचतं, आणि थर पुन्हा तयार होतो.

अडचण अशी की फॉस्फरस थोडा थोडा जळून धुराबरोबर बाहेर जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून अमेरिकेच्या एपीआयच्या मानकांत त्याच्यावर मर्यादा आल्या. १९९३ च्या एसएच तेलात तो जास्तीत जास्त १२०० पीपीएम, एसजे आणि एसएलमध्ये १०००, आणि २००४ च्या एसएमपासून ६०० ते ८०० पीपीएम. जुने कॅम खराब होण्याच्या तक्रारी साधारण याच सुमारास वाढल्या आणि "तेलातलं झिंक काढलं" ही कथा जगभर पसरली.

कथा खोटी नाही, अर्धी आहे. पहिलं म्हणजे झिंक काढलं नाही, कमी केलं. दुसरं, ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडांना आहे. आपल्याकडे जुन्या इंजिनांत सर्रास पडणाऱ्या २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. म्हणजे अमेरिकन व्हिडिओ बघून घाबरण्याआधी आपल्या डब्यावरचा ग्रेड वाचा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात फॉस्फरसचा आकडा शोधा. तिसरं, कमी फॉस्फरसच्या तेलांनाही झिजेच्या चाचण्या द्याव्या लागल्या. त्यातल्या एका चाचणीत निसानचं २.४ लिटरचं इंजिन वापरत, ज्यात कॅम थेट घासतो. चालून चालून बसलेल्या साध्या इंजिनाला अशी तेलं बहुधा पुरतात. खरा धोका नव्या कॅमला असतो, त्यातही जोरदार स्प्रिंग लावलेल्या इंजिनात.

म्हणून पहिल्या वेळेसाठी ब्रेक-इन तेल वापरणं शहाणपणाचं. त्यात झेडडीडीपी जास्त आणि डिटर्जंट कमी असतं. डिटर्जंटचं काम सफाईचं, आणि लोखंडावर जागा मिळवायला ते झेडडीडीपीशी स्पर्धा करतं. ब्रेक-इन तेल मिळालं नाही तर साधं मिनरल तेल आणि कॅम कंपनी सुचवते ती ब्रेक-इनची बाटली, तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच. एकाऐवजी दोन बाटल्या ओतून फायदा दुप्पट होत नाही. झेडडीडीपी प्रमाणाबाहेर गेलं तर तेच लोखंडाला खाऊ लागतं. सिंथेटिक तेल पहिल्या भरणीला नको, हवं तर नंतर घाला.

इंजिन बांधताना

खरं काम इथे होतं, चावी फिरवण्याच्या बरंच आधी.

नव्या कॅमवर नवेच टॅपेट. यात तडजोड नाही. जुना टॅपेट दुसऱ्याच लोबवर घासून बसलेला असतो, त्याच्या तळाचा फुगीरपणा गेलेला असतो, तो नव्या लोबवर फिरत नाही. कॅम आणि टॅपेट दोन्ही जुनेच परत वापरायचे असतील तर प्रत्येक टॅपेट ज्या भोकातून काढला त्याच भोकात गेला पाहिजे. उघडताना पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबर लिहून ठेवा. सगळे टॅपेट एका घमेल्यात रॉकेलमध्ये टाकले की हा पर्याय संपला.

नवे टॅपेटही डोळे झाकून बसवू नका. दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडाकडे धरा. फुगीर तळाचे असतील तर ते एकमेकांवर किंचित डुलतात. अजिबात डुलत नसतील तर ते तुमच्या इंजिनाला तसेच असायला हवेत का, हे विकणाऱ्याला विचारा. मग प्रत्येक टॅपेट तेल लावून त्याच्या भोकात सोडा. तो स्वतःच्या वजनाने खाली उतरला पाहिजे आणि बोटाने सहज गोल फिरला पाहिजे. अडकत असेल तर भोकात जुनी काजळी, चिकटा किंवा ओरखडा आहे. ते साफ झाल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

कॅम नवा मिळत नाही म्हणून जुनाच ग्राइंड करून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा असे सुटे भाग पुढे सोपे होणार नाहीत हे उघड आहे. ग्राइंडिंग चालतं, पण लोबवरचा कडक थर जाड नसतो. तो घासून गेला तर दिसायला सुंदर आणि आतून मऊ असा कॅम हातात येतो. ग्राइंड करणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. कडकपणा मोजला का? आणि लोबचा मूळ उतार ठेवला की सरळ घासला? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर दुसरं दुकान बघा.

नव्या कॅमवर बऱ्याचदा काळपट मळकट थर असतो. तो घाण म्हणून पॉलिश पेपरने घासू नका. ते फॉस्फेटचं कोटिंग आहे, ते तेल धरून ठेवतं.

लोब आणि टॅपेटच्या तळाला मोलिब्डेनमची काळी पेस्ट लावायची, हात आखडता न घेता. कॅमच्या बेअरिंगला मात्र पेस्ट नको, तिथे तेल किंवा असेंब्ली ल्यूब. टायमिंग तपासताना इंजिन हाताने पुन्हा पुन्हा फिरवलं तर पेस्ट पुसली जाते. म्हणून ते काम आधी उरका, किंवा नंतर पुन्हा पेस्ट लावा. इंजिन बांधून महिनोन् महिने पडून राहिलं असेल तरीही तेच.

स्प्रिंगचा मुद्दा हौशी लोक विसरतात. जास्त लिफ्टचा कॅम घेतला की जोरदार स्प्रिंग लागते, आणि तिचा सगळा भार त्या कोवळ्या लोबवर येतो. अमेरिकन व्ही-८ वाले ढोबळमानाने पूर्ण उघड्या वॉल्व्हवर तीनशे-सव्वातीनशे पौंडांच्या पुढे फ्लॅट टॅपेट नेत नाहीत. दुहेरी स्प्रिंग असेल तर ब्रेक-इनपुरती आतली काढून ठेवतात. कटकटीचं काम आहे, पण दुसऱ्यांदा इंजिन उघडण्यापेक्षा स्वस्त. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही तेव्हाच बघून घ्या. टेकले तर कुठलंही तेल तो लोब वाचवू शकत नाही.

पहिली वीस मिनिटं

चावी फिरवल्यावर इंजिन लगेच सुरू व्हायला हवं. स्टार्टर मारत बसणं म्हणजे पेस्ट पुसत बसणं. म्हणून तयारी आधी पूर्ण करा. कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल भरलेलं, इग्निशन टायमिंग जागेवर, रेडिएटर भरलेला, बॅटरी पूर्ण चार्ज, टॅपेटचं अंतर सेट. ज्या इंजिनांत डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवता येतो, शेव्हरोलेचा स्मॉल ब्लॉक हे त्याचं नेहमीचं उदाहरण, तिथे रॉकरपर्यंत तेल येईतो पंप फिरवून घ्या. जिथे ती सोय नाही तिथे प्लग काढून स्टार्टरवर थोडा वेळ फिरवून प्रेशर आलं की थांबा.

सुरू झालं की आयडलवर येऊ द्यायचं नाही. सरळ २००० च्या आसपास न्यायचं आणि १५०० ते २५०० च्या दरम्यान खालीवर करत वीस ते तीस मिनिटं चालवायचं. खालीवर यासाठी की शिंतोडे दरवेळी वेगळ्या जागी पडतात. २००० आरपीएमला कॅम मिनिटाला हजार फेऱ्या मारतो, म्हणजे वीस मिनिटांत प्रत्येक लोब टॅपेटखालून वीस हजार वेळा जातो. तेवढ्यात दोघं एकमेकांना बसतात. या वेळात एक माणूस फक्त प्रेशर आणि तापमानाच्या काट्याकडे बघणारा हवा. रेडिएटरसमोर मोठा पंखा ठेवा, दार-खिडक्या उघड्या ठेवा. बंद शेडमध्ये अर्धा तास धूर जिवावर बेतू शकतो.

रॉकर कव्हर उघडं ठेवता येत असेल तर पुशरॉड बघा. बऱ्याच इंजिनांत टॅपेट फिरला की पुशरॉडही फिरतो. आधीच त्यावर मार्करने खूण केली तर लगेच दिसतं. एखादा अजिबात फिरत नसेल तर तिथेच बंद करा. तेल गळतंय, पाणी उकळतंय, काहीही झालं तरी बंदच करायचं. आयडलवर ठेवून शोधाशोध नाही. दुरुस्त करा, पुन्हा सुरू करा, राहिलेली मिनिटं पूर्ण करा.

झालं की तेल आणि फिल्टर लगेच बदला. त्यात पेस्ट आणि बसताना निघालेली बारीक धूळ असते. जुना फिल्टर कापून घडी उलगडून बघा. काळपट राखाडी लेप दिसणं साहजिक आहे. चुंबकाला चिकटणारे चकाकते कण दिसले तर गाडी रस्त्यावर काढू नका.

बुलेटवाल्यांनी जरा थांबा

वरचा २००० आरपीएमचा मंत्र पाण्याने थंड होणाऱ्या मोठ्या इंजिनांसाठीचा आहे. कास्ट आयर्न बुलेट हवेवर थंड होते. ती स्टँडवर उभी करून वीस मिनिटं रेस दिली तर कॅम बसायच्या आधी पिस्टन आवळेल. तिथे छोटे छोटे टप्पे, समोर पंखा, मग लवकरात लवकर रस्त्यावर काढून वेग कमीजास्त करत हलक्या हाताने चालवणं, हे जास्त शहाणपणाचं. पेस्ट, टॅपेटची तपासणी आणि लवकर तेल बदलणं मात्र तिलाही लागू. टॅपेट सेट करताना थंड इंजिनात पुशरॉड बोटाने मोकळा फिरावा, पण वरखाली हलू नये, ही जुनी पद्धत आहे. फार आवळला तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

तरीही गेलाच तर?

टॅपेटचं अंतर सेट करूनही एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा वाढत असेल तर तो लोब झिजतोय, असंच धरा. कार्ब्युरेटरमधून फट्फट् आवाज येत असेल तर एक्झॉस्टचा लोब गेलेला असू शकतो. धुराला बाहेर जायला वाट मिळत नाही, इनटेक उघडला की तो उलटा येतो. खात्री करायला इंजिन पूर्ण उघडावं लागत नाही. रॉकर कव्हर काढा, पुशरॉडच्या टोकाला डायल गेज लावा, इंजिन हाताने फिरवा आणि प्रत्येक लोब किती उचलतो ते लिहून काढा. एकाच जातीच्या लोबांमध्ये एखादा बराच कमी निघाला तर तोच गुन्हेगार.

मग मोह होतो की नवा कॅम आणि टॅपेट टाकू, तेल बदलू, झालं. तसं करू नका. झिजलेलं लोखंड आधी तळाच्या तेलात पडतं, तिथून पंपात जातं आणि त्यानंतर फिल्टरपर्यंत पोचतं. म्हणजे पंपाने ते खाल्लेलंच असतं. जुन्या जीपसारख्या इंजिनांत तर तेलाचा थोडाच भाग फिल्टरमधून जातो, बाकीचं थेट बेअरिंगकडे. त्यामुळे चेंबर काढा, पंप उघडून त्यावरचे ओरखडे बघा, निदान एक मेन आणि एक कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग काढून त्यात चमकणारे कण रुतलेत का ते तपासा. रुतलेले असतील तर ब्लॉक खाली उतरवून तेलाच्या वाटांची बुचं काढायची, ब्रश घालून धुवायचं आणि हवेने फुंकून घ्यायचं. ते न करता टाकलेला नवा कॅम पहिल्याच तेलात जुन्या कॅमची भुकटी चघळत बसतो.